फ्लॅटवार पाण्याचे मीटर बसवले, दीड वर्षाचा अनुभव (बसवायच्या आधी एकदा वाचा)

आमची सोसायटी पुण्यात सिंहगड रोडच्या बाजूला आहे, तीन विंग, सात मजले, ९६ फ्लॅट, बांधकाम २००६ चं. खडकवासला धरण गाडीने अर्ध्या तासावर आणि तरी एप्रिल-मे मध्ये रोज चार टँकर गेटवर उभे असायचे. महापालिकेचं पाणी सकाळी दीड तास यायचं, बोअर मार्चनंतर धापा टाकायचं, आणि मेंटेनन्सची वर्गणी दरवर्षी फक्त टँकरपायी वाढायची. मी त्या वेळी कमिटीत खजिनदार होतो म्हणून टँकरची बिलं माझ्या हाताखालून जायची. फेब्रुवारी ते जून मिळून सात लाखांच्या वर खर्च झालेला बघितला आणि ठरवलं की आता आपलं पाणी जातं कुठे ते आधी मोजायचं.

कंपनीचं नाव देत नाहीये, कारण मला कंपनीपेक्षा या वस्तूबद्दल लिहायचंय आणि सर्व्हिसची आमची तक्रार अजून मिटलेली नाही. मार्केटमध्ये अशी बरीच नावं आहेत, वस्तू साधारण सारखीच, पितळी बॉडीचा मीटर आणि वर छोटा रेडिओ मॉड्युल जो रीडिंग गच्चीवरच्या बॉक्सला पाठवतो, तिथून ते मोबाइलवर येतं.

पहिली गोष्ट जी कुठलाही सेल्सवाला आधी सांगत नाही ती ही, की जुन्या बिल्डिंगमध्ये एका फ्लॅटला एक मीटर पुरत नाही. गच्चीवरच्या टाकीतून पाइप खाली येतात ते किचनचा वेगळा, कॉमन बाथरूमचा वेगळा, मास्टरचा वेगळा, म्हणजे आमच्याकडे फ्लॅटला तीन, एकूण २८८ मीटर. फिटिंग धरून फ्लॅटमागे साडेदहा हजार पडले, सगळे मिळून दहा लाखांच्या थोडे वर. कोटेशन घेताना 'पर फ्लॅट' रेट विचारू नका, डक्टमध्ये, म्हणजे पाइप जातात त्या उभ्या पोकळीत, उतरून इनलेट (फ्लॅटमध्ये शिरणारे पाइप) मोजा आणि 'पर मीटर' विचारा. आमच्या शेजारच्या सोसायटीने हे केलं नाही आणि ऑर्डर दिल्यावर खर्च दुपटीच्या वर गेला.

दुसरी गोष्ट, फ्लॅटचे मीटर बसवायच्या सहा महिने आधी बल्क मीटर, म्हणजे मुख्य पाइपांवर एकत्र पाणी मोजणारे मोठे मीटर, बसवा. आम्ही मार्चमध्ये महापालिकेच्या लाइनवर एक, बोअरवर एक आणि प्रत्येक विंगला पाणी चढवणाऱ्या पंपाच्या पाइपवर एकेक बसवला, टँकर तर मोजूनच येतात. एप्रिलचा हिशोब आला रोज ८८ हजार लिटर. सोसायटीत माणसं साधारण ३८५. भागून बघा, माणशी २२८ लिटर. शहरासाठी जो मापदंड धरतात तो १३५ चा. जनरल बॉडीत हा आकडा वाचून दाखवला तेव्हा कुणाला पटेना, सगळ्यांचं म्हणणं एकच, आमच्याकडे काटकसरीनेच वापरतात, बाकीचे उधळत असतील. मीही घरी हेच म्हणत होतो. पण मीटर बसल्यावर कळलं की बहुतेक लोक खरंच खोटं बोलत नव्हते, पाणी वापरलंच जात नव्हतं, ते गळत होतं.

हे नीट सांगतो कारण मला या सगळ्यातलं सगळ्यात मोलाचं हेच वाटतं.

बी विंगला दुसऱ्या मजल्यावर आजी-आजोबा राहतात, दोघंच. तांदूळ धुतलेलं पाणी कुंडीला घालणारी माणसं. पहिल्या महिन्याचं रीडिंग आलं रोजचं ११०० लिटर. आजींना इतकं वाईट वाटलं की त्या खाली येऊन म्हणाल्या, अहो आमचं काहीतरी चुकतंय का बघा हो. मी अ‍ॅपवर तासातासाचं रीडिंग उघडलं. रात्री एक ते पहाटे पाच, घर झोपलेलं, आणि दर तासाला ३५ लिटर जातंय. एका तासाला जास्त नाही कमी नाही, ३५. म्हणजे हे माणसांनी वापरलेलं पाणीच नाही. प्लंबर म्हणाला फ्लश टाकीत रंग टाकून बघू, आजी आत गेल्या आणि हळदीचा डबा घेऊन आल्या. चमचाभर हळद टाकीत टाकली, फ्लश करायचं नाही असं ठरवून अर्धा तास चहा घेत बसलो. परत जाऊन बघितलं तर भांड्याच्या पांढऱ्या चिनीमातीवरून केसाएवढी पिवळी रेघ खाली उतरत होती, आवाज नाही काही नाही. आतला रबरी वॉशर कडक होऊन चिरला होता. १२० रुपयांचा वॉशर. दुसऱ्या दिवसापासून त्या घराचं रीडिंग २६० वर आलं. किती वर्षं ते चाललं होतं देव जाणे, वर्षाला तीन लाख लिटर होतात ते, म्हणजे ३० टँकर, दोन म्हाताऱ्या माणसांच्या नावावर.

त्यानंतर आम्ही एका रविवारी सगळ्या ९६ घरांत हळदीची चाचणी केली, मुलांना कामाला लावलं, ती तर नाचत वरखाली करत होती. २३ घरांत पिवळी रेघ निघाली. तुमच्याकडे मीटर नसले आणि बसवायचेही नसले तरी एवढं आज संध्याकाळी करा, हळद घरात असतेच.

दुसरा किस्सा सी विंगचा. तिथे पंपाने वर चढवलेलं पाणी आणि सगळ्या फ्लॅटची बेरीज यात रोज सहा हजार लिटरचा फरक यायचा. कंपनीचा माणूस म्हणाला कॅलिब्रेशन, म्हणजे मीटरच्या मोजण्यातलाच फरक. आमचे वॉचमन काका लातूरकडचे, २०१६ ला मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं तेव्हा ते गावीच होते, प्लास्टिकचे कॅन घेऊन रांगेत उभे राहिलेला माणूस. ते मला म्हणाले, साहेब मे महिन्यात पण त्या मागच्या चेंबरवर सकाळी सकाळी कबुतरं येतात, मी आधीच्या सेक्रेटरींना बोललो होतो. गेलो बघायला तर पावसाळी पाण्याच्या चेंबरची फरशी ओली गार. पहाटे चारला पंप लागायचा, वरच्या टाकीचा बॉल कॉक (टाकी भरली की पाणी बंद करणारा) अडकलेला, आणि टाकीचा ओव्हरफ्लो पाइप कुणीतरी बिल्डरच्या काळात गच्चीच्या पावसाळी पाइपला जोडून टाकलेला. त्यामुळे पाणी भिंतीवरून सांडलं नाही, कुणाला दिसलं नाही, आत पाइपातून सरळ गटारात. बॉल कॉक बदलला, ओव्हरफ्लोचं तोंड वेगळं काढून जिन्याजवळ डोळ्यासमोर आणून सोडलं, टाकीत लेव्हल सेन्सर टाकला. सगळा खर्च पाच हजाराच्या आत. काकांचं आधीच ऐकलं असतं तर… जाऊ दे, पण सोसायट्यांना सांगतो, वॉचमन, झाडूवाल्या मावशी आणि प्लंबर या तिघांना पाण्याबद्दल कमिटीपेक्षा जास्त माहिती असते, मीटिंगला त्यांना बोलवा.

या एप्रिलचा हिशोब रोज ६२ हजार लिटर. ८८ वरून ६२. माणशी १६१. १३५ वर अजून आलेलो नाही, पण टँकर चारवरून कधी एक कधी दोन वर आलेत आणि उन्हाळ्याचे साडेचार लाख वाचतायत, म्हणजे दोन-सव्वादोन वर्षांत मीटरचे पैसे निघतात. रोजच्या २६ हजार लिटरमध्ये माझ्या अंदाजाने निम्म्याहून जास्त निव्वळ गळतीचे आहेत, बाकी नळाच्या जाळ्या आणि बिल आल्यावर बदललेल्या सवयी.

जाळ्यांचं थोडक्यात. एरेटर म्हणतात त्याला, नळाच्या तोंडाला बसतो, शंभर-दीडशे रुपयाला मिळतो. आमच्या किचनचा नळ बादली आणि घड्याळ लावून मोजला तर मिनिटाला १२ लिटर होता, जाळी लावल्यावर ५. भांडी घासताना फरक कळत नाही. पण कळशी, पातेलं भरायला वेळ लागतो आणि माझी आई त्यावर वैतागली, तर बाल्कनीतला नळ तसाच मोकळा ठेवला. बोअरचं पाणी असेल तर दोन महिन्यांत क्षार धरून धार वाकडी होते, काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये टाकायची, साफ.

आता दोष. हे नीट वाचा कारण यात आमचे पैसे गेले.

वरच्या मजल्याचं प्रेशर. सातव्या मजल्याला गच्चीवरच्या टाकीपासून उंची मिळते जेमतेम चार-पाच मीटर, मध्ये अर्ध्या इंची मीटर आणि गाळणी आली की शॉवर रडायला लागतो. आमच्या सातव्या मजल्याच्या लोकांनी तीन महिने सहन केलं, मग तिथले मीटर काढून पाऊण इंची बसवले, तो खर्च वेगळा. वरच्या दोन मजल्यांना सुरुवातीलाच मोठे मीटर मागा.

हवा. टाकी रिकामी होऊन परत भरली की पाइपातली हवा जोरात मीटर फिरवते आणि पाणी नसताना रीडिंग चढतं. ज्या दिवशी पाणी गेलं त्या दिवशीचं बिल लोकांना जास्त आलं आणि भांडणं झाली. पाइपला एअर व्हॉल्व्ह बसवल्यावर बरंच कमी झालंय, पण पूर्ण गेलं नाही.

पावसाळा. डक्टमध्ये ओल असते, पहिल्या पावसाळ्यात ११ मॉड्युल बंद पडले. फोन केला की 'टिकट रेज केलंय सर' आणि माणूस आला पाच आठवड्यांनी. तेवढे दिवस त्या फ्लॅटना सरासरी बिल लावावं लागलं. करारात चार गोष्टी लिहून घ्या: किती दिवसांत माणूस येणार, दहा-वीस मॉड्युल सोसायटीच्या कपाटात स्पेअर ठेवणार, बॅटरीची गॅरंटी किती वर्षं, आणि कंपनी बंद पडली तर मीटरवर डोळ्यांनी वाचता येणारे आकडे राहणार की नाही. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. आमच्या मीटरला आकड्यांची तबकडी आहे म्हणून निभावलं.

अ‍ॅप नुसतं इंग्रजीत आहे. अर्ध्या घरांत पाण्याचा कारभार ज्यांच्या हातात त्या आई-आजी ते उघडतच नाहीत, म्हणून मी दर महिन्याला प्रत्येक विंगच्या लिफ्टजवळ मराठीत कागद लावतो, फ्लॅट नंबर, लिटर, रात्रीची गळती आहे की नाही. कागद अ‍ॅपपेक्षा जास्त वाचला जातो.

बिलाबद्दल. महाराष्ट्रातल्या सोसायट्यांसाठीच्या आदर्श उपविधींमध्ये (नमुना नियमांमध्ये) सोसायटीची पाणीपट्टी फ्लॅटमधल्या नळजोडांच्या संख्येवर आणि आकारावर वाटायची पद्धत आहे, मीटरवर जायचं तर जनरल बॉडीचा ठराव नीट करून घ्या, नुसतं कमिटीत ठरवून करू नका. आम्ही फ्लॅटला रोज ५४० लिटरपर्यंत साधा दर ठेवला, चार माणसांचे १३५ प्रमाणे, त्याच्या वर दुप्पट. ज्यांच्या घरी सहा-सात माणसं आहेत त्यांना माणसं मोजून मर्यादा वाढवून दिली. आणि पहिल्या बिलानंतर एक वाईट गोष्ट झाली ती लिहायलाच हवी. दोन-तीन घरांत राग भांडीवाल्या मावशींवर निघाला, नळ बारीक सोड, इतकं पाणी कशाला, वगैरे. एक मावशी खाली बसून रडत होत्या. तेव्हा त्या घरांची रीडिंग काढून दाखवली की बाई येतात तो तास आणि पाणी जातं तो तास वेगळाच आहे, एकाकडे वॉशिंग मशीन अर्धं भरून दिवसातून दोनदा लागत होतं, दुसऱ्याकडे पुन्हा फ्लश. मीटर लावणार असाल तर हे होणार हे धरून चाला आणि आधीच बोला.

हे सगळं नुसतं पैशासाठी केलं असं नाही माझ्या बाबतीत. माझे मामा इंदापूर तालुक्यात खडकवासल्याच्या कालव्याच्या टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला, शेती करतात. उन्हाळी आवर्तन (कालव्यातून शेतीला पाळीने सोडतात ते पाणी) सुटणार की नाही, सुटलं तर आमच्या चारीपर्यंत (शेताकडे जाणाऱ्या छोट्या पाटापर्यंत) येणार की दौंडातच संपणार, हा त्यांचा दर मार्चचा फोन. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर चारही धरणं काठोकाठ भरली तरी २९.१५ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यात पुणं पिणार आणि त्यातच हवेली, दौंड, इंदापूरची पिकं. पुणं वाढलं की आवर्तन आटतं, हे मामांना कुठल्या रिपोर्टात वाचावं लागत नाही. आणि दरवेळी आपल्याकडे उत्तर एकच, अजून एक धरण, नाहीतर मुळशीचं पाणी आणा. मुळशीच्या धरणाविरुद्ध लोक १९२१ ला सत्याग्रहाला बसले होते, पवनेच्या पाइपलाइनला विरोध करताना मावळात ९ ऑगस्ट २०११ ला पोलिसांचा गोळीबार होऊन तीन शेतकरी गेले. दुसऱ्याच्या उंबऱ्यातून पाणी आणायचं तर ही किंमत कुणीतरी देतं. मग आधी आपला फ्लश बघायला काय हरकत आहे.

एकदा बसून हिशोब केला. एक टीएमसी म्हणजे २८३१ कोटी लिटर. आमच्या सोसायटीने दिवसाला २६ हजार लिटर वर्षभर वाचवले तर ९५ लाख होतात, म्हणजे आमच्यासारख्या तीन हजार सोसायट्यांनी केलं की एक टीएमसी. टेमघर पूर्ण भरलं तर ३.७१ टीएमसी, आणि त्या धरणाचीच गळती २०१६ ला केवढी गाजली होती आठवत असेल. तीन हजार सोसायट्या हा आकडा पुण्यासारख्या शहराला अशक्य नाही, आणि यात एक गाव उठत नाही, एक झाड जात नाही.

अर्थात सोसायटीच्या गेटच्या बाहेरचं काम आपल्या हातात नाही. पुण्याच्या समान पाणीपुरवठा योजनेत मुळात ८२ साठवण टाक्या, १६०० किलोमीटरच्या आसपास नव्या पाइपलाइन आणि तीन लाखांवर मीटर धरले होते, आणि त्या योजनेचं मूळच हे की शहरात ४० टक्क्यांच्या आसपास पाणी हिशोबाबाहेर जातं. पण तो मीटर सोसायटीच्या जोडावर बसतो, आतल्या ९६ घरांत काय होतं ते त्याला कळत नाही. बाहेरचा आणि आतला दोन्ही लागतात. हे आपल्याकडे होत नाही असं म्हणणाऱ्यांनी कराडजवळचं मलकापूर बघावं, छोटं गाव, २००९ च्या सुमारास घरोघरी मीटर आणि चोवीस तास पाणी सुरू केलं, जास्त वापराला चढता दर लावला, आणि पाणी कायम नळाला असल्यामुळे लोकांनी भरून ठेवून दुसऱ्या दिवशी ओतून देणंच सोडलं. 'शिळं पाणी' ओतणं आपल्या घराघरांत आहे, आमच्याकडेही होतं. नागपूरने सांडपाणी शुद्ध करून कोराडीच्या वीज केंद्राला दिलं, तेवढं चांगलं पाणी माणसांसाठी मोकळं झालं. पुण्यात मुंढव्याहून शुद्ध केलेलं पाणी शेतीच्या कालव्यात सोडायची सोय आहे, ते चांगल्या प्रतीचं आणि पूर्ण क्षमतेने गेलं तर मामांच्या चारीलाही त्याचा उपयोग आहे.

गच्चीचं पाऊसपाणी पण जोडून घेतलं याच खर्चात. शंभर चौरस मीटर गच्चीवर ७०० मिलिमीटर पाऊस म्हणजे ७० हजार लिटर, थोडं वाया धरलं तरी ५५ हजार कुठे गेले नाहीत. मधे वाळू-खडीचा फिल्टर टाकून बोअरजवळच्या खड्ड्यात सोडलंय. यंदा बोअर एप्रिलच्या शेवटापर्यंत टिकलं, आधी मार्चातच दम तोडायचं. एका वर्षावरून मोठं बोलणार नाही, आपल्याकडे काळा कातळ, पाणी कुठल्या भेगेतून कुठे जाईल सांगता येत नाही, पण फिल्टर दर मे महिन्यात उपसून धुवा, नाहीतर पहिल्याच पावसात पालापाचोळ्याने बसतो.

सांडपाणी शुद्ध करून फ्लशला वापरायचं मात्र आम्हाला जमलं नाही. जुन्या बिल्डिंगमध्ये फ्लशची लाइन वेगळी नाही, ती टाकायची म्हणजे प्रत्येक बाथरूमची भिंत फोडायची. नवीन फ्लॅट बघत असाल तर बिल्डरला जिम किती मोठी विचारायच्या आधी फ्लशची लाइन वेगळी आहे का आणि फ्लॅटला पाण्याचा इनलेट एकच आहे का, एवढं विचारा.

वस्तूला पाचपैकी पाच, सर्व्हिसला दोन. एकूण चार देतो. सी विंगचे दोन मीटर अजून मुके आहेत, कंपनीचा माणूस रविवारी येणार म्हणालाय, तोपर्यंत वॉचमन काका रोज रात्री दहाला टॉर्च घेऊन डक्टमध्ये वाकतात आणि तबकडीवरचे आकडे वहीत लिहून ठेवतात.